सी लायन आणि तुमचा मासा: कयाकवरून गरवताना कोणत्या टप्प्याला काय करायचं

कॅलिफोर्नियात कयाकवरून (वल्ह्याच्या किंवा पेडलच्या छोट्या, अरुंद होडीवरून) गरवणाऱ्यांमध्ये एक प्रश्न कायम फिरत असतो: सी लायन, म्हणजे सीलसारखा मासेखाऊ समुद्री प्राणी, आला तर त्याला पळवायचं कसं? प्रश्न उशिराचा आहे. तो तुमच्याभोवती घुटमळू लागला, म्हणजे त्याआधीच्या तासाभरात तुमच्याकडून त्याला दोन-तीन आमंत्रणं जाऊन झालेली असतात. मग शिट्ट्या फुंका नाहीतर वल्हं आपटा, उपयोग बेताचाच. खरं काम आधीचं आहे. त्याच्या लक्षात न येणं, लागलेला मासा झटपट पाण्याबाहेर काढणं आणि गेलाच तर निदान रॉड आणि स्वतःला सांभाळणं, याच क्रमानं विचार करायचा.

खालचे टप्पे सॅन डिएगोतल्या ला होयाला येलोटेल हा जोरकस ओढणारा मोठा मासा गरवणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. रेडोंडो बीच किंवा मॉन्टेरेला जाणाऱ्यांनाही ते थोड्या फरकानं लागू पडतील. कोकणात गरवून हात बसलेल्यांनी मात्र जरा जास्त लक्ष द्यावं. तिकडे सी लायन नाहीत, त्यामुळे मासा दोरीत ओवून पाण्यात सोडून ठेवण्यासारख्या सवयी तिथे खपून जातात. इथे त्या अंगाशी येतात.

## त्याला तुमचा पत्ता कशानं लागतो

बहुतेकांचा समज असा की सी लायन रक्ताच्या वासावर येतो. बुडी मारताना त्याच्या नाकपुड्या बंद असतात, त्यामुळे पाण्याखाली वास घेण्याचा प्रश्नच येत नाही. तो चालतो नजरेवर, कानांवर आणि मिशांवर. पोहणाऱ्या माशामागे पाण्यात जी हालचाल उरते ती त्याच्या मिशांना कळते, म्हणून गढूळ पाण्यातही त्याला माग काढता येतो. चौथी गोष्ट सर्वात महागात पडते, ती म्हणजे त्याची स्मरणशक्ती. एकदा आयता मासा मिळाला की गळ टाकणारा माणूस म्हणजे जेवण, हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

म्हणजे तुम्हाला लपवायचं आहे ते फडफडणं, चमकणं आणि धडपडणं. रक्ताची काळजीही घ्यायचीच, पण ती शार्कसाठी आणि वर गोळा होणाऱ्या पक्ष्यांसाठी.

## टप्पा १: कायद्याची रेघ पाहून घ्या

अमेरिकेत १९७२ च्या मरीन मॅमल प्रोटेक्शन ॲक्टखाली सी लायनला मारणं, जखमी करणं किंवा त्रास देणं गुन्हा आहे. दंड होतोच, एक वर्षापर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. आपला मासा आणि सामान वाचवण्यासाठी इजा होणार नाही अशा उपायांनी त्याला परतवण्याची मुभा कायद्यात आहे. म्हणजे आवाज करता येईल, पाणी उडवता येईल. गॅफ (मासा वर घ्यायचा दांड्याचा आकडा) टोचणं, वल्ह्यानं हाणणं, शिसं फेकून मारणं यातलं काहीही त्यात बसत नाही.

त्याला खायला घालणं हाही गुन्हाच. 'एक बांगडा फेकला की तो तिकडे जाईल' हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. त्यानं कायदा मोडतोच, वर तो प्राणी दिवसभर तुमची पाठ सोडत नाही.

तपासा: ला होयाला शोअर्स नावाच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आव्हेनिदा दे ला प्लाया रस्त्याच्या टोकावरून कयाक उतरवतात. तिथून निघाल्याबरोबर मात्लाहुआयल हे राखीव क्षेत्र लागतं आणि त्यात कुठलाही मासा धरायला बंदी आहे, आमिषासाठीचासुद्धा. सीमारेषा जीपीएसमध्ये आदल्या रात्रीच भरून ठेवा. माशांच्या संख्येचे आणि लांबीचे नियम बदलत राहतात, ते राज्याच्या मत्स्य विभागाच्या साइटवर त्याच आठवड्यात पाहा.

## टप्पा २: घरची तयारी

इथे लोक एकच चूक फार करतात. दोरी हलकी घेतात. हलक्या दोरीवर मासा खेळवायला मजा येते खरी, पण प्रत्येक जादा मिनिट सी लायनच्या खात्यात जमा होतं. येलोटेलसाठी ६५ पाउंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी आणि पुढे ४० पाउंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे हुकाआधीचा दोरीचा तुकडा ठेवा. लीडर मुख्य दोरीपेक्षा कमजोर असलाच पाहिजे, याचं कारण टप्पा ७ मध्ये येईल.

कयाकवर या गोष्टी हव्यातच:

- झिपची, जाड इन्सुलेशनची मासळीची बॅग. मासा पूर्ण आत मावेल एवढी लांब. शेपूट बाहेर राहणारी बॅग निम्मीच कामाची.
- मासा मारण्यासाठी टोकदार सळई किंवा छोटा दांडा, आणि कल्ले कापायला सुरी.
- लाइफ जॅकेटच्या छातीवर, कुठल्याही हातानं पोहोचेल असा दोरी कापायचा कटर.
- रॉड, जाळं, गॅफ आणि वल्हं, प्रत्येकाला कयाकला बांधणारी दोरी.
- हुक साध्या पोलादाचे. स्टेनलेस हुक प्राण्याच्या तोंडात अडकला तर गंजून पडायला खूपच वेळ लागतो.

माशाच्या तोंडातून ओवायची साखळी-दोरी घरीच ठेवा. बरोबर नसली की वापरायचा मोहही होत नाही.

## टप्पा ३: जागा आणि वेळ

सी लायन कुठे विश्रांती घेतात हे लपून राहत नाही, भुंकण्याचा आवाज लांबवर येतो. ला होया कोव्हचे खडक, मॉन्टेरेचा कोस्ट गार्डचा धक्का, बंदराच्या तोंडावरचे बॉय (खुणेचे तरंगते पिंप) आणि जिवंत आमिष विकणारे तरंगते बार्ज हे त्यांचे ठरलेले अड्डे. यांच्या आसपास गळ टाकायचा नाहीच, शिवाय जाता-येताना निदान ५० यार्डांचं अंतर ठेवायचं.

दुसरी टाळायची जागा म्हणजे पार्टी बोट, म्हणजे पैसे घेऊन बऱ्याच लोकांना गरवायला नेणारी मोठी बोट. बोटीवरचे लोक आमिष पाण्यात उधळत असतात, त्यामुळे तिच्या मागेपुढे दोन-तीन सी लायन धरूनच चाला. मासे तिथे लागतात म्हणून अनेक कयाकवाले चिकटून थांबतात आणि मग नशिबाला दोष देतात. उलट ओळखीचा सी लायन तुमच्यामागे असताना अशी बोट आली तर तो बहुधा आपणहून तिकडे वळतो. तुम्ही शांतपणे विरुद्ध दिशेला निघा.

ऋतूचा हिशेब थोडक्यात असा. मोठे नर उन्हाळ्याच्या सुरुवातीला विणीसाठी दक्षिणेकडच्या चॅनल बेटांवर असतात आणि ऑगस्टपासून उत्तरेकडे सरकतात, म्हणून मॉन्टेरे आणि त्याच्या वर शरद ऋतूपासून गर्दी वाढते. दक्षिणेला माद्या आणि पोरं वर्षभर असतात. ला होयाला 'सी लायन नसलेला महिना' शोधत बसू नका.

## टप्पा ४: आमिष धरताना

माझ्या मते बहुतेकांचा दिवस इथेच बिघडतो, आणि याच टप्प्याकडे कुणी लक्ष देत नाही.

येलोटेलसाठी जिवंत बांगडा लागतो. तो धरायला साबिकी वापरतात, म्हणजे एका दोरीवर सहा बारीक हुक. त्यावर एकदम चार बांगडे लागले की खालपासून वरपर्यंत चांदीची माळ थरथरत येते. खालून बघणाऱ्या सी लायनला याहून स्पष्ट इशारा काय हवा? शिवाय तो माळ ओढतो तेव्हा सहाच्या सहा हुक मोकळे फिरतात, त्यातला एखादा त्याच्या ओठात रुततो नाहीतर तुमच्या बोटात.

म्हणून असं करा:

1. साबिकी कापून तीन हुकांची करा. एकावेळी एक-दोन बांगडे पुरेत.
2. पहिला लागला की माळ भरायची वाट बघू नका, वर घ्या.
3. पाच-सहा बांगडे झाले की थांबा. कयाकवरची आमिषाची टाकी गच्च भरली की आमिष मरायला लागतं आणि मेलेलं लोक पाण्यात फेकतात. हे फेकणं म्हणजेच खायला घालणं.
4. आमिष धरलं तिथेच गरवू नका. चारशे-पाचशे मीटर लांब जा आणि पाच मिनिटं काहीही न टाकता थांबा.

ही पाच मिनिटं कुणालाच पटत नाहीत. पण सी लायनला श्वासासाठी वर यावंच लागतं. नेहमीची बुडी दोन-तीन मिनिटांची असते, कधी त्याहून बरीच लांबते. पाच मिनिटं चहूबाजूंनी पाण्यावर नजर फिरवली तर मागे कोणी लागलंय का ते बहुतेक वेळा कळतं.

तपासा: काळं, ओलं डोकं दिसलं तर ते कुणाचं? बाहेरून छोटे कान दिसले तर सी लायन. कान न दिसता गुळगुळीत गोल डोकं, अंगावर ठिपके असतील तर हार्बर सील. सील सहसा बुजरा असतो, त्याच्यासाठी जागा सोडून पळायचं कारण नाही.

## टप्पा ५: गळ पाण्यात असताना

हळूहळू पेडल मारत बांगडा मागे ओढत असाल तर बोटांना त्याची शेपूट टकटक जाणवत असते. ही लय एकदम बिघडून तो सैरभैर झाला, तर खाली येलोटेल आहे किंवा सी लायन. लगेच खूश होऊ नका, आधी आजूबाजूला पाहा. पन्नासेक मीटरांत डोकं वर आलं तर आमिष गुंडाळा आणि सरळ दूर चला. जागा सोडायला जीव होत नाही हे खरं, कारण अशी जागा सापडायला सकाळ गेलेली असते. तरी निघा. पाण्यात काहीच नसेल तर त्याचा तुमच्यातला रस संपतो, पोटभर जेवण त्याला इतरत्रही मिळतं.

निघायला जागाच नसेल, केल्पच्या (उंच समुद्री शेवाळाच्या रानाच्या) कडेला तेवढा एकच पट्टा चालू असेल, तर जिवंत आमिष बंद करून धातूचा जिग, म्हणजे नकली आमिष वापरा. जिगमध्ये चोरण्यासारखं काही नसतं. तेवढाच एक धोका कमी.

आकाशाकडेही बघत राहा. सी लायन मोठा मासा वर आणून डोकं झटकत फाडतो, तेव्हा तुकड्यांसाठी सीगल झुंडीनं उतरतात. असा घोळका लांब दिसला की तो प्राणी थोडा वेळ तिथे गुंतला आहे असं समजा आणि तेवढ्यात आपलं काम उरका.

इशारा: आवाजाच्या यंत्रांवर पैसे घालू नका. सी लायन हटवण्यासाठी पाण्याखाली आवाज सोडणाऱ्या उपकरणांचा अनुभव उलटाही आहे. काही दिवसांत प्राण्यांना तो आवाज सरावाचा होतो, आणि आवाज आहे तिथे मासा आहे हे ते शिकतात. शिट्टी किंवा हॉर्न एखाद्या वेळी दचकवायला ठीक, रोजचा उपाय म्हणून नाही.

## टप्पा ६: मासा लागला

येलोटेल कयाकला ओढत नेतो आणि लोक फोटो काढत बसतात. कयाक ओढली जाते तेवढा वेळ मासा लवकर थकत नाही, आणि तुमची लढत लांबते.

रॉड कयाकच्या टोकाकडे ठेवा आणि ड्रॅग (दोरी सुटण्यावरचा रीलचा ब्रेक) जेवढा झेपेल तेवढा आवळा. पेडलची कयाक असेल तर माशाच्या दिशेनं पेडल मारत दोरी गोळा करा. मासा केल्पकडे वळला तरच उलट पेडल मारा.

इशारा: ड्रॅग आवळलेला असताना रॉड आडवा, बाजूला कधीही नेऊ नका. कयाक त्याच बाजूला कलंडते.

मासा अजून खोल आहे आणि जवळ सी लायन दिसला, तर दोन मतं आहेत. एक म्हणतं, खेचून घ्या. दुसरं म्हणतं, स्पूल (रीलवरची दोरीची चकरी) मोकळा सोडा, म्हणजे ओढ नसलेला मासा पूर्ण वेगानं पळू शकेल. मी अंतर बघून ठरवतो. मासा दहा मीटरांच्या आत असेल तर रीलवर जोर लावायचा, लांब असेल तर स्पूल मोकळा सोडून अर्धा मिनिट थांबायचं आणि मग पुन्हा ताण घ्यायचा. हमी कशाचीच नाही. अर्धवट मात्र करू नका. थोडं सोडून थोडं ओढलं की मासा एकाच जागी गोल फिरत धडपडतो, आणि शिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

वर आणताना शेवटचे दोन मीटर नाजूक. मासा पृष्ठभागावर येऊन शेपूट आपटू लागला की आवाज लांब जातो. डोकं हाताच्या अंतरावर येईपर्यंत रॉडचं टोक खाली ठेवा, म्हणजे मासा पाण्याखालीच राहतो. गॅफ किंवा जाळं आधीच दुसऱ्या हातात हवं. ऐन वेळी पाठीमागे चाचपडणारे लोक मासा घालवतात. एकदा गॅफ लागला की थेट मांडीवर. पाण्यात धरून कौतुक करायचं नाही, वजनाचा अंदाजही नंतर.

## टप्पा ७: त्यानं धरलाच तर

हातांना लगेच कळतं. येलोटेल असतो तेव्हा रॉडला डोक्याचे धक्के बसत असतात आणि दोरी खाली जात असते. सी लायननं पकडला की धक्के थांबतात, दोरी जड होते आणि सरळ एका चालीनं वर सरकू लागते. मग वीस-तीस मीटरांवर तो मासा आडवा धरून वर येतो. आयत्या बिळावर नागोबा.

इथे भांडायचं नाही. मादी साधारण १०० किलोंची असते, मोठा नर ३५० पर्यंत जातो, आणि तुम्ही दोनेक हात रुंदीच्या प्लॅस्टिकवर बसलेले असता.

1. रॉड सरळ त्याच्या दिशेला करा, वाक काढून टाका.
2. स्पूल दाबून धरा. ताण लीडरवर येतो आणि कमजोर असल्यानं तोच तुटतो. लीडर हलका ठेवायचा तो याचसाठी. बहुतेक वेळा त्याआधीच मासा फाटून हुक मोकळा होतो.
3. कयाक कलू लागली तर थांबू नका, छातीवरच्या कटरनं दोरी कापा.
4. ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून ओढू नका. ती कातडी चिरते आणि बोटंही जायबंदी करू शकते.

पुष्कळदा रीलवर परत येतं ते फक्त डोकं, कल्ल्यांमागून साफ तोडलेलं. ते पाण्यात टाकू नका. बॅगेत ठेवा, घरी कालवणाला होईल.

हुक प्राण्यालाच लागला असेल तर शक्य तितकी कमी दोरी त्याच्या अंगावर राहील असं पाहा, पण त्याला जवळ खेचून हुक काढायला जाऊ नका. किनाऱ्यावर आल्यावर बचाव केंद्राला कळवा. मध्य आणि उत्तर कॅलिफोर्नियात सॉसालिटोचं मरीन मॅमल सेंटर आहे, लॉस एंजेलिससाठी सॅन पेड्रोचं, ऑरेंज काउंटीसाठी लगूना बीचचं, आणि सॅन डिएगोत सीवर्ल्डचं बचाव पथक.

एकदा मासा गेला की त्या जागी दुसरा गळ टाकणं म्हणजे त्याला दुसरं ताट वाढणं. किमान अर्धा किलोमीटर हला.

## टप्पा ८: मिळालेला मासा कुठे ठेवायचा

मांडीवर घेतल्याबरोबर डोक्यात सळई घालून मासा मारा. जिवंत मासा कयाकच्या तळावर धडधडत राहतो, आणि ते प्लॅस्टिक ढोलकीसारखं वाजतं. पाण्याखाली आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो आणि सी लायनचे कान तिथे तीक्ष्ण असतात.

मग कल्ले कापून मासा बॅगेतच, थोड्या समुद्राच्या पाण्यात ठेवा, रक्त तिथे उतरू द्या. कडेला लोंबकळत ठेवून रक्त काढायची पद्धत कयाकवर नको. लोंबणारा मासा खालून स्पष्ट दिसतो आणि तो ओढायला येणारा प्राणी तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर असतो. रक्ताचं पाणी जागा सोडताना ओता, गरवण्याच्या ठिकाणी नाही. शेवटी बर्फ घाला, झिप लावा.

सोडून द्यायचा मासा असेल तर तोही पटकन. खोल पाण्यातून आलेला रॉकफिश फुगून वर तरंगत राहतो आणि सी लायनला आयता सापडतो. त्याला वजन लावून खाली पोहोचवणारं साधन वापरा, नुसता फेकू नका.

## वेगळी वागणूक दिसली तर

काही वर्षी समुद्रातल्या शेवाळातून डोमोइक ॲसिड नावाचं विष माशांमार्फत सी लायनच्या पोटात जातं. दक्षिण कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२५ मध्ये अशा मोठ्या साथी आल्या. विष मेंदूवर जातं. प्राणी डोकं एकसारखं डावी-उजवीकडे हलवतो, झटके येतात, तोंडाला फेस येतो, आणि एरवी माणसापासून दूर राहणारा हा प्राणी कारण नसताना अंगावर येऊ शकतो. असं काही दिसलं तर मासा, आमिष सगळं विसरा. हात-पाय आत घ्या, त्याच्यापासून लांब जा, किनारा गाठून कळवा.

## टप्पा ९: परतताना

लाटा फुटतात त्या पट्ट्यात शिरण्याआधी बॅग घट्ट बांधा आणि रॉड आत ठेवा. कयाक पालथी झाली तरी मासा बॅगेत राहिला पाहिजे. टाकीतले जिवंत बांगडे अड्ड्यांपासून लांब असतानाच सोडून द्या.

मासा साफ करायचं काम किनाऱ्यावर नको. आतडी पाण्यात टाकली की सी लायन आणि सीगल दोघांनाही कयाक उतरवायची जागा पाठ होते, आणि त्याचा भुर्दंड उद्या पहाटे येणाऱ्याला पडतो. सगळं पिशवीत बांधून घरी न्या. मेलेलं आमिष धुऊन, मीठ लावून गोठवून ठेवलं तर पुढच्या खेपेला रॉकफिशसाठी चालतं.